टिपणिसांनी न मारलेला लेखक

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या एका चार मजली सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, मार्तंड टिपणीस नावाचे एक गृहस्थ राहतात आणि रोज संध्याकाळी साडेसहा वाजता माणसं मारतात.

तसे दिसायला अगदीच गरीब. उंची पाच फूट तीन इंच, वजन ओल्या टॉवेलसकट बावन्न किलो. भाजीवाल्याने पिशवीत कुजका टोमॅटो सरकवला तरी "असू दे, असू दे" म्हणणार. लिफ्टमध्ये कोणी पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणणार. विमा कंपनीत तेहतीस वर्षं दावा विभागात काढली. खोटा दावा त्यांना कागद उघडायच्या आधी कळायचा. माणूस समोर बसून "साहेब, गाडी उभीच होती हो, खांबच येऊन धडकला" म्हणू लागला की टिपणीस त्याच्या चपलांकडे बघायचे आणि ओळखायचे. पण मंजूर की नामंजूर हे वरचे साहेब ठरवायचे. साहेब म्हणाले मंजूर, की टिपणिसांची सही. साहेब म्हणाले नामंजूर, की त्याच पेनाने टिपणिसांची सही. तेहतीस वर्षांत स्वतःच्या मताने त्यांनी फक्त पेन बदललं.

निवृत्तीनंतर त्यांना जालकोश सापडला. जालकोश म्हणजे इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. त्यात कोणीही लिहावं, कोणीही खोडावं, साहेब कोणीच नाही. लिहिणारे लाखभर होते, त्यामुळे टिपणिसांनी खोडायचं काम घेतलं. लेखकांच्या पानांसाठी तिथे एकच नियम आहे: परक्या माणसाने, आपणहून, छापील जागी तुमच्याबद्दल ऐसपैस लिहिलेलं असलं तर तुमचं पान राहील. मेहुण्याने लिहिलेली प्रस्तावना चालत नाही. शाल-श्रीफळाचा फोटो चालत नाही. असं काही नसलं की टिपणीस त्या पानावर लाल पट्टी ठोकतात, 'हटवण्यासाठी प्रस्तावित'. मग सात दिवस चर्चा, आणि सातव्या दिवशी बोरिवलीची रुचिरा नावाची प्रचालक, म्हणजे तिथली पंच, निकाल देते. निकाल बहुतेक वेळा टिपणिसांच्या बाजूचा.

रात्रीच्या जेवणाला बसताना शुभाताई विचारायच्या, "अहो, आज किती गेले?"

"तीन. दोन कवी, एक वास्तुतज्ज्ञ."

"बिचारे," म्हणून शुभाताई आमटी वाढायच्या.

असं सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात एका रविवारी टिपणिसांनी दत्ताराम पालव यांच्या पानावर पट्टी ठोकली.

पान वाचून त्यांना हसू आलं होतं. 'मराठी मनाचा ढाण्या वाघ, एकतीस कादंबऱ्यांचा जनक, नाहूरचा कोहिनूर, आमचे लाडके दत्ताकाका.' खाली कादंबऱ्यांची नावं: 'सातव्या खात्यातला कोयता', 'मुडदा नाहूरला उतरला', 'बॉबिनवर रक्त', अशी एकतीस. पालव हे मूळचे मालवणकडचे, गिरणीत कामाला, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यावर वॉचमन, आणि गेटवरच्या खुर्चीत बसून मारामारीच्या कादंबऱ्या लिहिणारे. महिन्या-दोन महिन्यांनी एक. त्या काळी गल्लोगल्ली लायब्ऱ्या होत्या, दिवसाच्या भाड्याने पुस्तकं मिळायची, तिथे त्या तुफान चालायच्या. आता लायब्ऱ्या नाहीत आणि पुस्तकंही नाहीत. पानाखाली संदर्भ म्हणून एकच गोष्ट दिली होती, गावमंडळाची स्मरणिका. स्मरणिकेचे संपादक: दत्ताराम पालव.

'स्वतंत्र संदर्भ नाही. हटवा,' असं टिपणिसांनी लिहिलं आणि चहा घेतला.

सोमवारी संध्याकाळी संगणक उघडला तर चर्चेत एकशेचाळीस मतं. सगळी एका तासातली, सगळी नव्या खात्यांची.

'ठेवा. काका आमचे आहेत.'

'ठेवा. जय गावदेवी.'

'ठेवा कारण सिद्धेश बोलला ठेवा.'

'ठेवा नायतर बघा.'

'मी त्यांची पुस्तकं वाचली नाहीत पण माणूस झकास. ठेवा.'

गावमंडळाला वाटलं होतं, स्वतंत्र पुरावा मागितलाय म्हणजे माणसं उभी करायची. गावी जमिनीच्या भांडणात तसंच होतं, ज्याच्या बाजूला जास्त माणसं त्याचा बांध. काहींनी तर आधार कार्डाचे फोटो जोडले होते. टिपणिसांनी एकशेचाळीसच्या एकशेचाळीस मतांवर काट मारली आणि खाली लिहिलं: 'एकाच मंडळातील नवी खाती. ग्राह्य नाहीत.'

शुभाताईंनी विचारलं, "आज किती?"

"एकशेचाळीस," टिपणीस म्हणाले. आवाजात जरासा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

मंगळवारी साडेसहाला दारावरची बेल वाजली. टिपणीस खऱ्या नावाने लिहायचे, आणि सोसायटीची पाण्याची टाकी धुणारा माणूस मंडळाचाच सभासद निघाला होता. दारात सिद्धेश पालव उभा. दत्ताकाकांचा पुतण्या, मंडळाचा चिटणीस, नाहूरच्या एका जिममधला ट्रेनर. त्याचा एक दंड म्हणजे टिपणिसांची मांडी. खांद्यावर तांदळाची गोणी. ती त्याने हॉलमध्ये धाडकन आपटली, आणि आतून पुस्तकं बाहेर सांडली.

"टिपणीस तूच ना?"

"मीच. पण आपण..."

"आपण-बिपण सोड. काकांचं पान तू उडवतोयस?"

"मी फक्त प्रस्ताव ठेवलाय. निर्णय रविवारी सहा वाजता..."

"एकशेचाळीस माणसं बोलली ठेवा. तू एकटा बोलतोस हटवा. मग इलेक्शन घेतलंस कशाला रे?"

"इलेक्शन नाहीये ते. तिथे मतं मोजत नाहीत. कारणं तोलतात."

"तोलतात?" सिद्धेशने खाली वाकून एक पुस्तक उचललं. लायब्रीवाले पुस्तकं फाटू नयेत म्हणून जाड पुठ्ठा आणि रेक्झिन घालून बांधून घेत. तसलं एक, विटेसारखं. "हे तोल."

आणि ते टिपणिसांच्या तोंडावर बसलं.

टिपणीस कधी मार खाल्लेला माणूस नव्हता. शाळेतसुद्धा नाही. आधी त्यांना पांढरं दिसलं. मग शोकेसची काच पाठीला लागून फुटली आणि शुभाताईंच्या भावाने सिंगापूरहून आणलेला सिंह खांद्यावर पडला. मग पोटात गुडघा. श्वास बाहेर गेला तो परत यायचं नाव घेईना. सिद्धेशने कॉलर धरून उभं केलं, कानाखाली वाजवली, परत पाडलं, आणि बरगडीत बूट घातला. वरून बोलणं चालूच. "संदर्भ पायजे तुला? हा घे संदर्भ. अजून एक घे. छापील पायजे ना, छापील?"

स्वयंपाकघरातून शुभाताई आल्या. हातात चहाचं आधण, नुकतं उकळलेलं. त्यांनी "कोण रे तू?" एवढंसुद्धा विचारलं नाही. सगळं पातेलं त्याच्या पायांवर ओतलं, मग रिकामं पातेलं डोक्यावर हाणलं. एकदा नाही, तीनदा. सिद्धेशने "आयच्या गावात!" अशी आरोळी ठोकली, भाजलेल्या पायातला बूट काढून फेकला, आणि लंगडत जिन्यावरून पळाला. मागे गोणी राहिली, बूट राहिला, आणि शोकेसखाली टिपणिसांचा एक दात.

डॉक्टरांनी ओठाला चार टाके घातले, बरगड्यांना पट्टा बांधला. घरी आल्यावर शुभाताई म्हणाल्या, "चला पोलिसांत."

"रविवारनंतर."

"काय रविवारनंतर? जीव घेत होता तो तुमचा!"

"शुभा, आता मी 'हटवा' म्हटलं तर लोक म्हणतील सूड उगवला. 'ठेवा' म्हटलं तर म्हणतील घाबरला. तक्रार केली तर पालवांचं पान बाजूलाच राहील आणि माझं तोंड पुढे येईल." सुजलेल्या तोंडाने एवढं बोलायला त्यांना पाच मिनिटं लागली. "त्या पोराने माझी पंचाईत केली. रविवारी सहाला त्या माणसाचा निकाल लागायचाय. तो बरोबर लागला पाहिजे."

"तुम्हाला मारलंय, आणि काळजी त्या वाघाची?"

"माझी आहे काळजी," टिपणीस म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा मला सही कुठे कर म्हणून कोणी सांगणारं नव्हतं. आता हा सांगून गेला, बूट घालून."

बुधवारपासून त्यांनी ती गोणी वाचायला घेतली. आडवं पडून, गालावर बर्फ धरून. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि दावा आला की कागद वाचायचे ही सवय.

पहिल्या बारा कादंबऱ्या म्हणजे नुसता गोंगाट. पानापानावर ठो आणि धाड. नायक एका ठोशात सात माणसं लोळवतो, आठव्याला मिशी पिळून दाखवतो. माणसं मरतात आणि पुढच्या प्रकरणात लेखक विसरल्यामुळे परत येऊन विडी पितात. टिपणीस वाचत वाचत मनात म्हणत होते, हटवा, हटवा, हटवा.

तेराव्या कादंबरीत बारक्या नावाच्या माणसाला गोदामात मारतात. टिपणीस वाचू लागले.

'दात पडला तेव्हा बारक्याला दुखलं नाही. आधी जिभेला एक नवी खोली सापडली. जीभ आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. दुखणं नंतर आलं, पाहुण्यासारखं, चपला काढून, सावकाश. बरगडीतून आवाज आला तो सुक्या बोंबलाच्या जुडीवर पाय पडावा तसा. आणि बारक्याला लाज वाटली. मारणाऱ्याची नाही. आपण "असू दे, असू दे" म्हणतोय याची.'

टिपणिसांनी पुस्तक छातीवर ठेवलं. त्यांची जीभ आपोआप त्या नव्या खोलीत जाऊन आली. परवा सिद्धेश लाथा घालत होता तेव्हा ते काय म्हणत होते हे त्यांनी शुभाताईंनाही सांगितलं नव्हतं. "असू दे, असू दे" म्हणत होते.

पुढच्या अठरा पुस्तकांत हीच तऱ्हा. गोष्टी तशाच थिल्लर, नायक तेच मिशीवाले, पण मार बसला की लागायचा. टिपणिसांनी तारखा पाहिल्या. बारावी जानेवारी एकोणनव्वद. तेरावी एप्रिल एकोणनव्वद, आणि तिच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका: 'पक्याला, ज्याने मला शिकवलं.'

एका माणसाने बारा पुस्तकं ऐकीव मार लिहिला, आणि तेराव्यात खाल्लेला. मध्ये कोणीतरी त्याला बेदम मारलं होतं. दावा विभागातला माणूस उठून बसला आणि बरगडी धरून परत आडवा झाला.

शुक्रवारी संध्याकाळी परत बेल. शुभाताईंनी आधी गॅसवर पाणी ठेवलं आणि मग दार उघडलं.

दारात बहात्तर वर्षांचा एक काळा, उंच, वाळका म्हातारा. हातात जाड काठी. दुसऱ्या हातात सिद्धेशचा कान.

"हेनाच मारल्यान ना तुमका?" म्हाताऱ्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता काठी सिद्धेशच्या पाठीत घातली. "मेल्या! म्हाताऱ्या माणसाक मारतंस? माझ्या नावान? माका कोणी इचारलेला?" प्रत्येक प्रश्नाला एक काठी. एवढा दांडगा गडी, पण काकांपुढे हात वर करत नव्हता, फक्त "काका, ओ काका, बस ना यार" करत पॅसेजमध्ये गोल फिरत होता. वरच्या मजल्यावरून दोन डोकी डोकावली. काठी पिंढरीवर बसली, मग कोपरावर, आणि कोपरावरचा आवाज बघ्यांनाही लागला. "तुझो हात मोडून ठेवतलंय!"

"अहो पालव, पुरे!" टिपणीस मध्ये पडले आणि शेवटची काठी त्यांच्याच खांद्यावर बसली.

"अरे देवा," पालव म्हणाले. "तुमका लागला?"

"असू..." टिपणीस म्हणाले आणि थांबले. "हो. लागलं. बसा."

तिघे बसले. शुभाताईंनी सिद्धेशला स्टुलावर बसवलं, फोडांचं मलम दिलं आणि स्वतः पातेल्याच्या अंतरावर उभ्या राहिल्या. पालवांनी हात जोडले. "माका पान नको होता असा नाय सांगूचंय. घरात आता एक पुस्तक ऱ्हवला नाय, वाळवीन खाल्ल्यान. ही गोणी मंडळाच्या पोरांनी रद्दीवाल्यांकडून जमवलेली. मी गेलंय की एकतीस बुकां लिवणारो कोण तो, कोणाक ठाऊक असतला? तेवढाच होता. पण असा नको. तुम्ही काय तो न्याय करा."

"न्याय करायला मला काहीतरी लागेल," टिपणीस म्हणाले. "परक्या कोणी तुमच्यावर कधी लिहिलंय? पेपरात, मासिकात?"

"नाय."

फार पटकन आलं ते. टिपणिसांची नजर त्यांच्या चपलांकडे गेली. उजव्या पायाची बोटं आत दुमडली होती.

"बारावी कादंबरी जानेवारी एकोणनव्वद. तेरावी एप्रिलात. मधल्या फेब्रुवारीत तुम्ही कुठे होतात?"

"गावाक गेल्लंय." पालव खिडकीकडे बघत म्हणाले. "लावणीक."

मग स्टुलावरून सिद्धेशचाच आवाज आला, पायाला मलम चोळता चोळता.

"काका, फेब्रुवारीत भाताची लावणी?"

पालव उठले. चेहरा काठीसारखा झाला होता. "नको तुमचा पान," ते म्हणाले. "काढून टाका. आणि टिपणीस, शोधू नको. हात जोडून सांगतंय. ह्या वयात नको."

दार लावून गेले. सिद्धेश मागून लंगडत. त्याचा मंगळवारी राहिलेला बूट शुभाताईंनी गॅलरीतून खाली टाकला, नेमका डोक्यात.

त्या रात्री टिपणिसांना कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून विचार सरळ छताकडे गेले. शोधलं नाही तर रविवारी सहाला पान जाणार, आणि जिभेच्या नव्या खोलीबद्दल लिहिणारा माणूस कोणाला ठाऊक राहणार नाही. शोधलं तर जे लपवायला हा माणूस पस्तीस वर्षं लावणीची गोष्ट सांगतोय ते जगापुढे येणार. ऑफिसात अशा वेळी साहेब असायचे. सापडलेला कागद फाइलीतून काढ, टिपणीस. काढला. नसलेला घाल. घातला.

शनिवारी सकाळी ते पट्टा बांधून रिक्षाने घाटकोपरला गेले. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे आहेत. फेब्रुवारी एकोणनव्वदचा गठ्ठा काढून द्यायला दोन माणसं लागली. एका सायंदैनिकाच्या तिसऱ्या पानावर, सहा तारखेला, सापडलं:

'कादंबरीकाराने समीक्षकाचे नाक फोडले.'

त्याच्या आदल्या आठवड्यात त्या समीक्षकाने अख्ख्या पानभर पालवांना सोललं होतं. 'या लेखकाने आयुष्यात कधी मार खाल्लेला नाही, हे त्याच्या प्रत्येक ठोशात दिसते,' असं शेवटचं वाक्य. पालव ती बारावी कादंबरी घेऊन घाटकोपरच्या एका साहित्य सभेत गेले. लायब्रीने बांधलेली प्रत, पुठ्ठा आणि रेक्झिन. समीक्षक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले आणि पालवांनी ती त्यांच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडलं, दोन दात गेले. श्रोते धावले, खुर्च्या उडाल्या, अध्यक्षांच्या डोक्यात माइक बसला. पालव सभागृहाच्या दारात स्वतःच पोलिसांची वाट बघत उभे राहिले. न्यायालयाने पंधरा दिवसांची कोठडी सुनावली. मार्चमधल्या चार ओळींत, समीक्षकाने तक्रार मागे घेतल्याची बातमी.

टिपणिसांनी वाचनालयाच्या बाकावर आपला गाल चाचपला. पुठ्ठा आणि रेक्झिन. काकांनी जे लपवलं होतं ते पुतण्याने न शिकवता उचललं होतं.

तिथल्या बाईंनी सूचीची कार्डं चाळून आणखी एक काढून दिलं. एक्क्याण्णव सालचं एक साप्ताहिक, दोन पानी लेख, लिहिणारा कोणी परका. 'पालवांच्या कादंबऱ्यांत आता मार लागतो.' त्यात गिरणी होती, गेटवरची खुर्ची होती, कोठडी होती, आणि पक्याही होता: कोठडीत पहिल्याच दिवशी पालवांना तुडवणारा खिसेकापू.

एक परीक्षण, एक बातमी, एक लेख. तिन्ही परक्यांची, तिन्ही छापील, तिन्ही ऐसपैस. मंडळाने एकशेचाळीस माणसं आणि शालींचे फोटो उभे केले होते. पान वाचवणारी एकच गोष्ट होती, आणि ती पालवांनी घरच्यांपासून भाताच्या लावणीखाली पुरून ठेवली होती.

रविवारी दुपारी टिपणिसांनी पालवांना फोन केला. "सापडलं. संदर्भ घालतोय. तुमची परवानगी मागत नाही, फक्त आधी सांगतोय."

"माझी बायल जीवात असती ना टिपणीस, तर मी तुमका आज ठार मारलंय असतंय," पालव म्हणाले आणि फोन ठेवला.

टिपणिसांनी चर्चेत लिहिलं: 'या लेखकाच्या पुतण्याने मंगळवारी मला मारहाण केली आणि लेखकाने स्वतः मला शोध घेऊ नका असे सांगितले. त्यामुळे माझे मत धरू नये, पहिलेही धरू नये. खालील तीन संदर्भ मात्र धरावेत.' मग तिन्हींचे फोटो लावले. सहाला पाच मिनिटं असताना रुचिराने खाली लिहिलं, 'तिन्ही तपासले. ठेवा.' आणि वेगळ्या ओळीत: 'काका, तुम्ही ठीक आहात ना? काय चाललंय मुलुंडला?'

'मराठी मनाचा ढाण्या वाघ' टिपणिसांनी काढून टाकला. पानात एक नवा परिच्छेद आला: समीक्षकावरील हल्ला व कोठडी.

सोमवारी साडेसहा. बेल. शुभाताईंनी पातेल्यात पाणी भरून ठेवलेलंच होतं.

पालव आत आले, मागे सिद्धेश. सिद्धेशचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा. "काका आत होते! अंकल, माझा काका आत होता, आणि मला माहीतच नाय! मंडळाच्या ग्रुपवर टाकलं ना मी, नुसती आग लागलीय. पोरं बोलतायत, वाघ म्हणजे वाघ!"

"गप ऱ्हव रे," पालव म्हणाले. ते संगणकासमोरच्या खुर्चीत बसले. "वाचा. मोठ्यान वाचा."

टिपणिसांनी वाचलं. गिरणी, गेट, एकतीस पुस्तकं. पालव मान खाली घालून ऐकत होते. नाकाचं हाड आलं तेव्हा डोळे मिटले. बायकोला सांगायचं राहिलं असं काहीतरी पुटपुटले. मग टिपणीस वाचत गेले, "...या प्रकरणी त्यांना पंधरा दिवस कोठडीत..."

"तेरा."

"काय?"

"तेरा दिवस. तेराव्या दिवशी जामीन झालो. पंधरा नाय. तेरा कर."

"छापील बातमीत पंधरा आहेत."

"कोरटान पंधरा सांगल्यान. मी तेरा काढलंय!"

"असेल. पण त्याला संदर्भ?"

"संदर्भ?" पालव उभे राहिले. "मी आत होतंय! पक्याच्या लाथा मी खाल्लंय, पेपरवाल्यान नाय! एकेक दिस भिंतीर रेघ ओढलेली! तेरा!"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," टिपणीस म्हणाले. "पण स्वतःच्या पानाला तुम्ही स्वतः पुरावा होत नाही. पंधराच राहील."

पालवांनी त्यांची कॉलर धरली. दोघांची नाकं चार बोटांवर. सिद्धेश "काका, काका" करत पुढे आला. शुभाताईंनी पातेलं उचललं.

"मारा," टिपणीस म्हणाले. "अजून एकतीस दात आहेत. पण ह्याला 'असू दे' म्हणणार नाही मी."

पालव त्यांच्या टाक्यांकडे बघत राहिले. कॉलर सुटली. मग त्यांनी टेबलावरची तेरावी कादंबरी उचलली, पुठ्ठा आणि रेक्झिन, आणि पूर्ण ताकदीने संगणकाच्या पडद्यावर घातली. काच तडकली. परत घातली. पडदा मागे भिंतीवर जाऊन आदळला आणि खाली पडून काळा झाला. तिसरा घाव टेबलाला. मग हात थांबला, कारण म्हाताऱ्याचा दम संपला.

सिद्धेशने हळूच खिशातून फोन काढून पुढे धरला. "काका, ते इथे पण आहे. सगळ्यांच्याच फोनवर आहे. ते फुटत नाय."

पालवांनी फोन हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले. ओठ हलवत सगळं पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत. मग फोन मांडीवर ठेवून पुतण्याकडे बघितलं.

"बस हय," ते म्हणाले. "पैल्या दिसापासून सांगतंय. तेरा आसत. मोज."

सिद्धेश जमिनीवर बसला आणि बोटं मोजायला लागला. पक्याच्या पहिल्या लाथेपाशी टिपणीस काचा गोळा करायला उठले. शुभाताईंनी पातेल्यातल्या पाण्यात चहा टाकला.

"अहो," त्यांनी आतून विचारलं, "आज किती गेले?"

"माणूस एकही नाही," टिपणीस म्हणाले.